सशांची खरूज एका इंजेक्शनाने का जात नाही

कागलकडच्या एका तरुणाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या शेडमध्ये त्याचे ३२ ससे आहेत, बहुतेक न्यूझीलंड व्हाइट आणि थोडे सोव्हिएत चिंचिला जातीचे. दोन महिन्यांपूर्वी बाजारातून दोन नर आणले आणि त्यानंतर एकेक ससा कान खाजवायला, डोकं झाडायला लागला. कानात तपकिरी खपल्यांचे थर साचले. तिघांच्या नाकावर आणि ओठांवर पांढरट खपली आली. ओळखीच्या माणसाकडून जास्त त्रास असलेल्यांना एकेक इंजेक्शन देऊन घेतलं, आठ-दहा दिवसांत छान फरक पडला, पण महिन्याभरात सगळं परत सुरू झालं. आता एक जण म्हणतो, प्रत्येकाला अर्धा मिली मारा. दुसरा म्हणतो, जळकं ऑइल लावा. तिसऱ्याने कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडाचे थेंब आणून दिलेत. शिवाय धाकट्या भावाच्या हातावर लाल पुरळ उठलंय. "डॉक्टर, शेड बंद करू का?"

शेड बंद करू नका. कुत्र्याचे थेंब मात्र आजच घरातून बाहेर काढा. त्यांवर फिप्रोनिल असं लिहिलेलं असेल तर ते सशाला विष आहे. कुत्र्या-मांजराला चालतं म्हणून सशाला चालेल असं समजून घातलेल्या थेंबांनी ससे झटके येऊन मेलेले आहेत. बाकी सगळं मी सावकाश सांगतो, पण हे एक आधी.

तुमच्या वर्णनावरून शेडमध्ये एक नाही, दोन प्रकारचे माइट असावेत. कानातला वेगळा आणि नाकावरचा वेगळा. माइट म्हणजे आपण ज्याला खरजेचा किडा म्हणतो तो. हा किडा नव्हेच, आठ पायांचा आहे, गोचिडाचा आणि कोळ्याचा भाऊबंद. कानातल्याचं नाव सोरोप्टिस. तो कातडीत शिरत नाही, कानाच्या आत वरच्या वर राहतो, तिथली कातडी चावून निघणाऱ्या चिकट पाण्यावर, म्हणजे लशीवर, जगतो. ती लस, त्याची विष्ठा आणि मेलेली कातडी यांचे थरावर थर बसतात. एकावर एक पापड रचावेत तशी ती खपली दिसते. नाका-ओठांवर, पापण्यांवर, पंजांच्या बोटांवर पांढरट, राखाडी, पीठ लावल्यासारखी खपली येते ती सारकॉप्टिसची. हा कातडीत बोगदे करून आतच अंडी घालतो, म्हणून याची खाज भयंकर असते. कानाच्या खरजेने ससा महिनोन्‌महिने हैराण राहतो. पण सारकॉप्टिस वाढला की ससा खाणं सोडतो, सुकतो आणि काही आठवड्यांत दगावतो. तुमच्या त्या तिघांवर आधी लक्ष द्या.

तिसरा एक प्रकार आहे, चेलेटिएला. पाठीवर, मानेवर कोंडा पडल्यासारखं दिसतं आणि नीट बघितलं तर तो कोंडा चालतो. तुमच्याकडे तो आहे असं वाटत नाही, पण भावाच्या पुरळासाठी त्याची आठवण ठेवा, पुढे सांगतो.

खात्री घरीही करता येते. कानातून आपोआप सुटलेल्या खपलीचा तुकडा काळ्या कागदावर ठेवा, पाच मिनिटं कोवळ्या उन्हात राहू द्या आणि साधं भिंग धरून बघा. पांढरे ठिपके खपलीतून बाहेर येऊन चालायला लागतात. कानातला माइट अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा असतो, नजर चांगली असेल तर भिंगाशिवायही दिसतो. एकदा एका शाळकरी पोराला मी असं दाखवलं होतं. त्याने भिंग खाली ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलला, "हे सगळं त्याच्या कानात चालतं?" त्या दिवसानंतर त्या घरात औषधाची तारीख एकदाही चुकली नाही. नाकावरच्या खरजेसाठी मात्र असं भागत नाही. तिथे डॉक्टर ब्लेडने कातडी हलकी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आणि ते बघायलाच हवं, कारण नायटा म्हणजे बुरशीचा संसर्गही नाका-कानापाशी असाच खपल्या धरतो, केस जातात, आणि खरजेच्या औषधाने तो तसूभरही हटत नाही.

आता औषध. आयव्हरमेक्टिन. तुम्हाला दिलेलं इंजेक्शन बहुधा हेच होतं. १९७०च्या दशकात जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते निघालं आणि त्यावरच्या कामाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं. औषध खरोखर इतकं चांगलं आहे की लोक एका टोचण्यावर भरवसा ठेवतात. तिथेच घात होतो. आयव्हरमेक्टिनने चालते-फिरते माइट मरतात, अंडी मरत नाहीत. अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, आणि सशाच्या अंगात औषधाचा जोर फार दिवस टिकत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन आठवड्यांत मोठं होऊन स्वतः अंडी घालतं. म्हणजे पहिल्या इंजेक्शनानंतर दहाव्या दिवशी ससा तुम्हाला बरा दिसत होता, त्याच वेळी पुढची पिढी त्याच्या कानात वाढत होती. तुमचं औषध फसलं नाही, अर्ध्यावर थांबलं. दुसरा डोस १४व्या दिवशी आणि तिसरा २८व्या दिवशी द्यायलाच हवा, आणि तेव्हा ससा ठणठणीत दिसत असेल. ठणठणीत सशाला सुई टोचायला हात धजावत नाही हे मला ठाऊक आहे. पण खरूज जाते ती त्या दोन डोसांनी. आजच कालनिर्णयवर तिन्ही तारखांना गोल करा.

आणि सगळ्या सशांना. खाजवणाऱ्या आठ-दहांना नव्हे, ३२च्या ३२ना, एकाच दिवशी. ज्याच्या कानात अजून खपली नाही त्याच्याही कानात चार माइट असू शकतात. मागच्या वेळी तुम्ही फक्त आजारी सशांना दिलंत. उरलेल्यांनी महिन्याभरात त्यांना माइट परत दिले.

आता त्या अर्ध्या मिलीचा हिशेब करू, कारण यात ससे जातात. जनावरांसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. गाय-बैलाला ५० किलो वजनाला १ मिली. अर्धा मिली म्हणजे २५ किलोच्या जनावराचा डोस! सशाला लागतं किलोमागे २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०२ ते ०.०४ मिली. दोन किलोच्या सशाला फार तर ०.०४ ते ०.०८ मिली. इंजेक्शनच्या साध्या सिरिंजमध्ये हे मोजताच येत नाही. १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज मागा, तिच्यावर ०.०१ मिलीच्या रेघा असतात. इन्शुलिनच्या सिरिंजने देऊ नका असं मी सांगतो, कारण तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात, ४० आणि १०० अशा दोन तऱ्हा मिळतात, आणि गडबडीत एकीचा हिशेब दुसरीला लागतो. एक म्हातारे शेतकरी सिरिंजमधला तो थेंब बघून मला म्हणाले होते, "डॉक्टर, एवढ्याशानं काय हुतंय?" होतं. तेवढ्यानेच होतं. जास्त झालं की ससा मलूल पडतो, लाळ गाळतो, पाय लटपटतात, आणि या विषबाधेवर उतारा नाही.

औषध पातळ करायचं असेल तर पाणी घालू नका, आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही. पहिल्या सशाला नुसतं पाणी जाईल आणि शेवटच्याला सगळं औषध. काही डॉक्टर प्रॉपिलिन ग्लायकॉल नावाच्या द्रवात पातळ करतात, ते त्यांनाच करू द्या.

वजन अंदाजाने धरू नका. तुम्ही लिहिलंय की सगळे "दोनेक किलोचे" आहेत. पिकात राहणाऱ्या माणसाचा वजनाचा अंदाज चांगला असतो, पण तो पोत्याचा, सशाचा नव्हे. केसाळ जनावर फसवतं. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा तासाभरासाठी मागून आणा, त्यावर प्लॅस्टिकचा क्रेट ठेवा, तळाला गोणपाट घाला म्हणजे ससा घसरून घाबरत नाही, काटा शून्यावर आणा आणि एकेक ससा मोजून पिंजऱ्यावर खडूने वजन लिहा. पहिल्या डोसाला डॉक्टरांना शेडवर बोलवा, किंवा ससे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. इंजेक्शन मानेमागच्या सैल कातडीखाली द्यायचं असतं, मांसात नाही. हे औषध सशांसाठी म्हणून बाटलीवर लिहिलेलं नसतं, पशुवैद्य स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. म्हणून गाभण माद्या आणि लहान पिल्लं यांचं त्यांनी पाहून ठरवलेलं बरं. माझ्यापुरतं सांगतो, व्यायला आठवडा उरला असेल त्या मादीला मी हात लावत नाही. सशाचा गाभणकाळ जेमतेम ३१ दिवसांचा आणि पकडापकडीच्या धसक्याचाच जास्त त्रास होतो. तिला वेगळं ठेवा आणि व्यायल्यावर डॉक्टरांकडून तिच्या तारखा वेगळ्या ठरवून घ्या. तूर्त नवीन जोडी लावणं बंद.

कानातल्या खपल्यांना हात लावू नका. हे मी जोर देऊन सांगतो, कारण मी हे चुकलोय. प्रॅक्टिसची सुरुवात होती. कसबा बावड्यातल्या एका घरातला पांढरा ससा, दोन्ही कान खपल्यांनी बंद. मला वाटलं, आधी साफ करू, मग औषध नीट लागेल. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून चिमट्याने खपली उचलली. ससा एरवी आवाज करत नाही. तो ससा किंचाळला. खपलीखाली कातडी नसते, लालबुंद ओलं मांस असतं. रक्त आलं, मी तरी दुसरा कान केला. ससा घरी गेला तो खाणंच सोडून, आणि तिसऱ्या दिवशी मेला. खरजेने नव्हे, वेदनेने त्याचं पोट थांबलं होतं. त्यानंतर आजवर मी खपली काढलेली नाही. इंजेक्शनानंतर तीन-चार दिवसांत खाज कमी होते, आठ-दहा दिवसांत माइट मेल्यावर खपली खालून सुटते आणि ससा डोकं झाडतो तेव्हा आपोआप पडते. खाली नवी गुलाबी कातडी आलेली असते. कानात तेल, औषध, काहीच ओतू नका. पडदा फाटलेला असेल तर ते आत जातं. मान एका बाजूला वाकडी झालेली दिसली तर संसर्ग आतल्या कानात गेलाय, तो ससा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि कान धरून उचलू नका, निदान या महिन्यात तरी. एरवीही नको, पण खरजेच्या कानाला धरल्यावर ससा जी लाथ झाडतो तिने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरा.

जळक्या ऑइलबद्दल. म्हशीच्या खरजेला आपल्याकडे ते वर्षानुवर्षं लावतात, निपाणीकडे कुणी तंबाखूचं पाणी लावतं. म्हैस स्वतःची मान चाटू शकत नाही. ससा दिवसाचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतो, पंजा ओला करून कानसुद्धा पुसतो. जे अंगाला लावाल ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलेलं असतं. तंबाखूतलं निकोटिन तर कातडीतूनही अंगात भिनतं. करंज तेल, कडुनिंब यांनी एखाद्या जागची खाज शमेलही, पण खपलीखालचे आणि बोगद्यातले माइट त्याने संपत नाहीत. दरम्यान पंधरा दिवस जातात. अंघोळही नको. भिजलेला ससा गारठतो आणि घाबरतो, दोन्ही त्याला सोसत नाहीत.

खाजवून जखमा झाल्या असतील, पू असेल, तर घरातली उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं, घातक जिवाणू वाढतात आणि ससा जुलाब होऊन मरतो. प्रतिजैविक लागेल तर डॉक्टर वेगळं निवडतील. वेदनेसाठीही औषध मागा, ते मिळालेला ससा लवकर खायला लागतो. तुमच्या त्या तीन सशांकडे रोज सकाळी लेंड्या बघा. बारा तासांत लेंडी नाही, चाऱ्याला तोंड नाही, तर खरूज बाजूला राहू द्या आणि आधी त्याचं पोट सांभाळा. जखमा ओल्या असतील तर पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडतात, तेही रोज बघायचं.

अर्धी लढाई पिंजऱ्यात आहे. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे गारवा आणि दमट हवा, माइटला हेच लागतं. अशा हवेत कानातला माइट सशाच्या अंगाबाहेर तीन आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो. एप्रिलच्या रखरखीत उन्हात तो लवकर सुकून मरतो. त्यामुळे राधानगरी-गगनबावड्याकडच्या शेडमध्ये जुलै-ऑगस्टात खरूज चिवट होते ती उगाच नाही. इंजेक्शनच्या दिवशीच पिंजरे रिकामे करा. जाळीला चिकटलेले केस आणि खपल्या तारेच्या ब्रशने काढा, अंगणात न झटकता पेटत्या चुलीत घाला. मग जाळी ब्लो लॅम्पने, म्हणजे जोराची ज्योत सोडणाऱ्या हातातल्या दिव्याने, भाजून काढा, ससे आणि चारा लांब ठेवून, आणि पाण्याची बादली हाताशी ठेवून, कारण साचलेले केस भप्पकन पेटतात. लाकडी खोके भाजता येत नाहीत. ते कढत पाण्याने धुवा आणि तीन आठवडे ससे न ठेवता उन्हात, ऊन नसेल तर माळ्यावर कोरड्या जागी टाका. खाली घातलेलं पाचट आणि गोणपाट जाळून टाका, धुऊन परत वापरू नका. पाण्याची भांडी, तुमचा ब्रश, सशाला पकडायचं फडकं हेही विसरू नका. फडकं मी सगळ्यात जास्त वेळा विसरलेलं पाहिलंय. हे सगळं १४व्या आणि २८व्या दिवशी पुन्हा करायचं.

काम करताना आधी निरोगी ससे, मग आजारी, आणि शेवटी हात साबणाने धुऊन कपडे बदला. भावाचं पुरळ यातूनच आलेलं असू शकतं. सारकॉप्टिस आणि चेलेटिएला दोन्ही माणसाला चावतात, हातावर, पोटावर, जिथे ससा धरतो तिथे खाजरे लाल फोड उठतात. सशांचे माइट माणसावर फार दिवस टिकत नाहीत, ससे बरे झाले की पुरळही जातं. पण ते गोल कडा असलेल्या चट्ट्यासारखं असेल तर तो सशाकडून आलेला नायटा असू शकतो. त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा आणि घरी ससे आहेत हे त्याने स्वतःहून सांगावं. जनावरांचं इंजेक्शन किंवा मलम त्याला चुकूनही देऊ नका.

तुम्ही मांसासाठी विकत असाल तर शेवटच्या डोसानंतर लगेच एकही ससा विकू नका. गायी-म्हशींच्या बाटलीवरही मांसासाठी काही आठवड्यांची मुदत लिहिलेली असते, आणि सशांसाठी तर छापील मुदत नाही, म्हणून मी दोन महिने थांबायला सांगतो. हे नुकसान आहे, मान्य आहे, पण खाणाऱ्याच्या पोटात औषध जाता कामा नये.

त्या दोन नरांबद्दल तुम्ही स्वतःला दोष देताय असं पत्रातून वाटलं. बाजारातून आणलेला ससा वरून चांगला दिसतो, कानात आत बघायची सवय कुणाला नसते. इथून पुढे नवा ससा आला की तीन-चार आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात, शक्यतो वेगळ्या छपराखाली, आणि पहिल्याच दिवशी टॉर्चने दोन्ही कान खोलवर बघायचे. ऊसतोडीत कधी रानसशाची पिल्लं सापडतात आणि पोरं ती घरी आणून पिंजऱ्यात सोडतात. रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो पाळता येत नाही, आणि त्याच्या अंगावर काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पिल्लू जखमी नसेल तर फडाच्या कडेला झुडपात ठेवा, आई येते. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

तिसऱ्या डोसानंतर केस परत यायला महिना-दीड महिना लागेल, त्याची घाई करू नका. १० दिवस जाऊ द्या आणि पुन्हा टॉर्च, भिंग आणि काळा कागद घेऊन बसा. प्रत्येक सशाच्या कानाच्या कडेला चिकटलेलं जे काही सुटं असेल ते कागदावर घ्या, उन्हात धरा आणि पाच मिनिटं बघा. ३२ पैकी एकाच्याही कागदावर ठिपका हलला तर डॉक्टरांना सांगून चौथा डोस सगळ्यांना. एकही हलला नाही, तर नर मादीकडे सोडायला हरकत नाही.